हात लावू नका

स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने मी भिंत वाजवत जातो.
पायपट्टी, दाराची चौकट, खिडकीखालची फळी.
ठक. ठक.
मेरीबरोतली सगळी जुनी घरं अशीच, लाकडाची,
पुरात झगा सावरून उभ्या राहिलेल्या बायकांसारखी
खांबांवर उचललेली.
ठक. ठक.
आणि पियानोच्या मागे
ठप्प.

एवढाच फरक.
कलिंगड विकणारा ओळखतो, तसा मी ओळखतो.

ग्लेनिस ट्रस्कॉट दारात उभी, हातात भांडी पुसायचं फडकं.
"सापडलं काही?"
मी ओठांवर बोट ठेवतो. भिंतीला कान.
आत सैनिक लाकडावर डोकी आपटतायत,
वाळल्या पाचोळ्यावर थेंब पडावेत असा आवाज.
मी बाहेरून ठोकतो, ते आतून.
दोघांनाही कळलंय, कुणीतरी आहे.

"पण मागच्याच वर्षी रंग दिलाय," ती म्हणते.
रंग आहे, बाई.
रंगच आहे फक्त.
अंगठा टेकवला तर सायीत बुडावा तसा बुडेल.
मी टेकवत नाही.

घर फिरलं की वासे फिरतात म्हणे.
इथे वासे केव्हाच फिरले,
घराला अजून पत्ता नाही.

घराखाली पोटावर सरपटत, दातात टॉर्च.
खांबांच्या डोक्यावर पत्र्याच्या टोप्या,
वाळवीने वर चढताना उघड्यावर यावं, दिसावं, म्हणून.
पण अकराव्या खांबाला टेकून
नेव्हिलने रचलेल्या फळ्या,
पंधरा वर्षांच्या, "कधीतरी लागतील" म्हणून ठेवलेल्या.
त्या फळ्यांच्या आडून, टोपी चुकवून,
शिसपेन्सिलीएवढी मातीची नळी
थेट तुळईत शिरलेली.
वर पाण्याच्या बंबाची गळती. थेंब, थेंब.
अन्न, पाणी, जिना.
अजून काय हवं असतं कुणाला?

बाहेर येतो तर नेव्हिल फवाऱ्याचा डबा घेऊन तयार.
पोराच्या हातातून काडेपेटी काढून घ्यावी
तसा तो काढून घेतो.
हात लावू नका.
फवारलंत तर समोरच्या शे-दोनशे मरतील,
बाकीच्या वाट लिंपून टाकतील
आणि घरात कुठे तरी, मला ऐकू येणार नाही अशा जागी,
पुन्हा जेवायला बसतील.

मी भिंतीवर एक डबी बसवतो.
तिच्यात कागदाचा लगदा, लगद्यात औषध.
हे मारत नाही. फक्त कात टाकू देत नाही.
आणि वाळवी एकटी खात नाही.
तोंडातला घास दुसरीच्या तोंडात, तिचा तिसरीच्या,
आंधळ्या सगळ्या, अंधारात एकमेकींना भरवत,
इथून पन्नास पावलांवर
शेजाऱ्याच्या निलगिरीच्या बुंध्यात बसलेल्या राणीपर्यंत.
त्यांच्यात एखादी हावरट असती
तर ती तरी वाचली असती.

हा भाग सांगताना मी भरभर बोलतो.

"किती दिवस?"
आठ आठवडे. बारासुद्धा.
"आणि तोपर्यंत?"
तोपर्यंत खाऊ द्या.

ग्लेनिसने फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.
भिंतीच्या पलीकडेच त्यांचा पलंग.

नवव्या आठवड्यात तिचा फोन.
रोज रात्री रेडिओ बंद करून ती कान लावायची म्हणे,
सवयच लागली होती.
"मंगळवारपासून काही नाही," ती म्हणाली,
आणि मग थोडा वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही.

मी गेलो. ठोकलं.
ठप्प.
थांबलो. पुन्हा ठोकलं.
पोकळी होती तेवढीच. उत्तर नव्हतं.

नेव्हिलने फळी कापून काढली.
जिथे लाकूड असायला हवं तिथे माती,
थरावर थर, पातळ भिंती, वळणारे रस्ते,
इतकं नेटकं काम
की जन्मभर सुतारकी केलेला माणूस
करवत खाली ठेवून बघत राहिला.
"काटकोन एकही नाही," एवढंच म्हणाला.

नवी तुळई लोखंडाची घातली. बंबाची गळती थांबवली.
खांबापासच्या फळ्या मात्र फेकल्या नाहीत त्याने.
शेडमागे नेऊन रचल्यात, विटांवर, जमिनीपासून वीतभर उंच.

कधीतरी लागतील.